त्रेचाळीस पिशव्या आणि एक इंजिन

शोभाताईंचा फोन आला तेव्हा मी आमच्या किचन सिंकखाली उताणा पडलो होतो आणि माझ्या हातात अरुणचा पाना होता. आदल्या दिवशीच तो मागून आणला होता. "सकाळी परत पाहिजे बरं का लिमयेबुवा," असं त्यानं दारातून बजावलं होतं, कारण माझ्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव. फोनवर शोभाताई, म्हणजे अरुणच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे उठून नाही राहिले." मी तसाच धावलो. आमच्या दोघांच्या मध्ये चारच घरं आहेत. पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात उभी होती आणि सगळं झोपेतच संपून गेलं होतं. ओल्या गुडघ्यांनी, पाना घेऊन अंगणात उभ्या असलेल्या मला पाहून तिथल्या एका बाईंनी अगदी अदबीनं सांगितलं, की प्लंबरनं आज नाही आलं तरी चालेल. हे अरुणला सांगायला हवं होतं. तो आठवडाभर हसला असता आणि पुढे वर्षभर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माझी ओळख 'आमचे प्लंबर' म्हणूनच करून देत राहिला असता... या गोष्टीला आता सात आठवडे झाले. अजूनही काही गमतीचं घडलं की माझे पाय आपोआप त्याच्या गॅरेजकडे वळतात.

अरुण मेश्राम मूळचा नागपूरचा. वडील रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, आई चार घरची कामं करणारी, आणि हा घराण्यातला पहिला इंजिनिअर. शिकायला ओहायोत आला आणि मग इथे शुगर लँडला येऊन तेल-वायूच्या धंद्यातल्या अजस्र कॉम्प्रेसरांची देखभाल करत त्यानं तीस वर्षं काढली. मी पुण्याचा, पेशानं फार्मासिस्ट आणि इथल्या मराठी मंडळाचा तहहयात मखरवाला. थर्माकोलमधून कमानी, हत्ती, मोर, एकदा तर बुरुजांसकट अख्खा किल्ला कापून काढणं ही माझी एकमेव कला, आणि तिचा मला असायला हवा त्यापेक्षा बराच जास्त अभिमान आहे. आमची ओळख त्या मखरामुळेच झाली. ते हॉलपर्यंत न्यायला पिकअप ट्रक लागायचा आणि मंडळात तो फक्त अरुणकडे होता. अरुण बौद्ध. पहिल्याच वर्षी त्यानं मला स्वच्छ सांगितलं, "तुमच्या मूर्तीपुढे मी हात जोडणार नाही. पण हे कापलं कोणी? त्याच्यापुढे वाकतो." आणि भर पार्किंगमध्ये माझ्यापुढे खरोखरच कमरेत वाकला. माझ्या मखराचं असं कौतुक माझ्या सख्ख्या बायकोनंही कधी केलं नव्हतं, त्यामुळे मी त्या दिवशीच त्याचा झालो. पुढे वीस वर्षं तो दर भाद्रपदात ट्रक घेऊन यायचा, मखर उतरवायचा, आरती संपेपर्यंत बाहेर लोकांच्या टायरांची हवा बघत फिरायचा आणि मोदकांच्या वेळेला बरोबर आत यायचा. वैशाख पौर्णिमेला मी त्याच्याकडे खीर खायला जायचो. दोन्हीकडच्या काही मंडळींनी नाकं मुरडली, त्यांना आम्ही कधी भाव दिला नाही.

रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. अरुणनं एक मेलेली गाडी आणली. साठच्या दशकाच्या अखेरची, दोन दारांची, लांबलचक नाकाची अमेरिकन मसल कार. जगातलं पेट्रोल कधी संपू शकतं हे ज्यांच्या गावीही नव्हतं अशा माणसांनी बनवलेली. कुठल्याशा रॅंचवरच्या कोठारात ती वर्षानुवर्षं पडून होती, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटले होते आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. शोभाताई अंगणात आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "हिला आंघोळ घालायची का अग्नी द्यायचा?" मीही विचारलंच, की बाबा रे, हे कशासाठी? तेव्हा अरुण म्हणाला, "प्लांटमध्ये एक बोल्ट सोडायचा तर चार जणांची सही लागायची. आता मला एक असं मशीन पाहिजे ज्याच्यावर कोणाचीच सही लागत नाही."

प्लांटची एक सवय मात्र त्याला सोडवत नव्हती. गाडीतून निघालेला प्रत्येक नटबोल्ट तो झिपच्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि पिशवीवर काळ्या मार्करनं त्याची हकिगत लिहायचा. नोकरीत जन्मभर इंग्रजीत कोड आणि आकडे लिहिले, म्हणून इथे सगळं मराठीत आणि मनाला येईल तसं. 'डावीकडचा वरचा. हट्टी. निघताना लिमयेच्या अंगठ्याला लागला.' 'रेडिएटरचे खालचे दोन. आधी हे, मग पंखा. उलट केल्यास पुन्हा सोडावे लागते. (केले आहे.)' 'जेवणानंतर काढलेले. खात्री नाही.' अशा पिशव्यांची एक भिंतच त्यानं गॅरेजमध्ये खिळ्यांवर टांगून ठेवली होती. मी गेलो की आधी ती वाचायचो, वर्तमानपत्र वाचावं तशी.

आता प्रश्न इंजिनाचा. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक गट रविवारी जमायचा. त्यांचं म्हणणं, की शोधून शोधून त्याच जातीचं मूळ इंजिन आणा, नाहीतर गाडी बाटली. बाटण्याचा शब्द ऐकला की अरुणच्या अंगात यायचंच. त्यानं मागून चेपलेल्या एका पिकअप ट्रकचं, आताच्या जमान्यातलं, कॉम्प्युटरवर चालणारं आठ सिलिंडरचं इंजिन हेरून ठेवलं. पण ते या गाडीच्या नाकात मावेल का? प्रत्यक्ष इंजिन आणून बघायचं तर छोटी क्रेन लागते, काढ-घाल करण्यात कंबर जाते, आणि जंकयार्डचा मालक म्हणत होता की एकदा नेलं की परत घेणार नाही. दोन दिवस विचार करून अरुण माझ्याकडे आला. "लिमयेबुवा, तू अख्खा किल्ला कापतो. एक इंजिन नाही कापून देणार?"

माझ्या कलेला याहून मोठं आव्हान कधी मिळालं नव्हतं. ऑगस्टच्या उन्हात आम्ही दोघं जंकयार्डात टेप घेऊन त्या इंजिनाभोवती शिंपी होऊन फिरलो. मग रोज पहाटे सहा ते दहा अरुणच्या गॅरेजमध्ये काम, कारण दहानंतर तिथे बसणं म्हणजे इडलीपात्रात बसणं. तापलेल्या तारेनं मी ब्लॉक कापला, वरच्या जाड नळ्या कापल्या, बेल्टची चाकं कोरली, इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं पातेलं, ज्याला ऑइल पॅन म्हणतात, तेही मापानुसार केलं. वरून चंदेरी रंग. चाकांवर दोन-चार कमळं काढायचा मोह मी महत्प्रयासानं आवरला. ते इंजिन एका-एका हातानं उचलून आम्ही गाडीत ठेवलं... आणि ते बसलं! वरून थोडं तासावं लागलं, तेवढाच भाग बदलायचा हे अरुणनं टिपून घेतलं. खाली वाकून ऑइल पॅन आणि जमीन यांच्यातलं अंतर मोजलं, चांगलं ऐसपैस होतं. अरुणनं माझा हात हातात घेऊन असा हलवला, की जणू मी नोकरीत कायम झालो.

खरं इंजिन आलं, क्रेननं लटकत लटकत आत उतरलं आणि गाडीचं नाक हळूच खाली बसलं. त्याकडे आमचं लक्ष गेलं नाही असं नाही. आम्हाला ते ऐटदारच वाटलं. आठवड्यानं गॅरेजची फरशी धुवायची म्हणून आम्ही गाडी ढकलत बाहेर काढली आणि ड्राइव्हवे जिथे रस्त्याला मिळतो तिथे पोटाखालून खर्रर्र असा आवाज आला. ऑइल पॅन काँक्रीटला घासत होता. आम्ही दोघं कडेला बसलो. अरुण म्हणाला, "तुझ्या इंजिनाचं वजन किती होतं?"

"असेल एखादा किलो."

"अन् याचं?"

रिकाम्या गाडीचं नाक स्प्रिंगांवर वर उचललेलं होतं आणि त्या स्थितीत आम्ही अंतर मोजलं होतं. आयुष्यभर अवजड यंत्रं सांभाळलेला इंजिनिअर आणि आयुष्यभर मिलिग्रॅम तोलणारा फार्मासिस्ट, दोघांपैकी एकालाही वजन आठवलं नव्हतं! मग आम्हाला हसू फुटलं ते इतकं, की समोरच्या घरातली बाई काळजीनं पाणी घेऊन आली. हसू ओसरल्यावर मी सहज म्हटलं, "प्रज्ञाला फोन लावू या का?" त्यासरशी अरुणचा चेहरा मिटला. "तिला कशाला? तिला तिची कामं आहेत," म्हणाला आणि उठून गाडी ढकलू लागला.

प्रज्ञा ही अरुणची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मलेली, आता दूर उत्तरेत, ॲन आर्बरला असते. आणि तिचं काम काय, तर गाडीवर वजन पडलं की कुठली स्प्रिंग किती दबते हे मोजायचं. रोज, पगार घेऊन! आमच्या चुकीवर बोलायचा अधिकार साऱ्या अमेरिकेत कोणाला असेल तर तिला. पण बापलेकींमध्ये एक वाक्य अडकून बसलं होतं. कॉलेजात असताना तिनं डॉक्टरकीची वाट सोडून मेकॅनिकल घेतलं, तेव्हा अरुण तिला म्हणाला होता, "माझ्या बापानं हात काळे केले, मी केले, ते तुझे स्वच्छ राहावे म्हणून." तिनं ते ऐकून घेतलं आणि करायचं तेच केलं. भांडण असं कधी झालं नाही. दर रविवारी तासभर फोन व्हायचा. हवापाणी, तब्येत, आईचे गुडघे, निवडणुका, सगळ्यावर बोलणं. गाड्यांबद्दल एक शब्द नाही. मला वाटायचं, आता विचारायची त्याला लाज वाटते. तिला वाटायचं, बाबांच्या लेखी आपलं काम हे कामच नाही.

नोव्हेंबरच्या सुट्टीत, थँक्सगिव्हिंगला, ती आली. मी नेमका तिथेच होतो. गाडीखाली सरपटत गेली, घासलेला पॅन पाहिला, कोपऱ्यातलं चंदेरी थर्माकोल पाहिलं आणि तिला सगळा उलगडा झाला. आधी खूप हसली. "काका, इट्स ब्यूटिफुल, पण स्प्रिंगला कसं कळणार की वर इंजिन आहे?" मग हसणं थांबवून अरुणकडे वळली. "बाबा, धिस इज लिटरली माय जॉब. यू कुड हॅव जस्ट आस्क्ड मी."

"अगं, होऊन जातं असं," अरुण म्हणाला. आणि चहा टाकायला आत गेला. ती बराच वेळ हात पुसत उभी राहिली. त्या दिवशी मला अरुणचा राग आला होता, आणि तो मी त्याला बोलून दाखवला नाही, याचं मला आता वाईट वाटतं.

ती गेल्यावर अरुणनं उथळ ऑइल पॅन मागवला, इंजिन पुन्हा उचललं, पॅन बदलला आणि इंजिन परत बसवलं. त्या भरात गाडीचं सगळं नाक त्यानं पुन्हा उतरवलं, पुढच्या स्प्रिंगासुद्धा बाहेर काढल्या. भिंतीवर नव्यानं पिशव्या चढल्या. गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभी होती आणि अरुण 'आता महिनाभराचं काम' असं सांगत होता, तेव्हा ती सकाळ आली.

पुण्यानुमोदनाला घर माणसांनी भरून गेलं होतं. पांढऱ्या कपड्यांत सगळे बसले होते. त्रिशरण-पंचशील झालं, डॅलसहून आलेले लोक बोलले, मीही दोन वाक्यं बोललो आणि तिसऱ्याला अडखळलो. सगळं आटोपल्यावर शोभाताईंनी गॅरेजचं दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "जो नेईल त्याला देऊन टाका ते सामान." प्रज्ञानं रजा वाढवून घेतली. "आई, गिव्ह मी थ्री वीक्स. मी पूर्ण करते." दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा मला फोन. "काका, बिझी आहात? मला काहीतरी वाचून हवंय." मराठी ती बऱ्यापैकी बोलते, पण वाचता येत नाही. भिंतीवर त्रेचाळीस पिशव्या होत्या, वडिलांच्या अक्षरात, आणि तिच्यासाठी त्या सगळ्या मुक्या होत्या.

मग आमची शाळा सुरू झाली. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही आणि तिला अक्षर कळत नाही. मी स्टुलावर बसून वाचायचो आणि ती गाडीखालून विचारायची. "'हट्टी' म्हणजे?"

"स्टबर्न."

"बोल्ट, की लिमयेकाका?"

वाचताना मी नकळत अरुणच्या नागपुरी सुरात वाचू लागलो. 'जेवणानंतर काढलेले. खात्री नाही' याला ती इतकी हसली की डोक्याला बंपर लागला. 'हे लावताना शोभाला हाक मारू नये, ती रागावते' हे वाचलं तेव्हा शोभाताई दारात उभ्या होत्या, आणि त्या दिवसापासून त्याही चहा घेऊन गॅरेजमध्येच बसू लागल्या. ज्या माणसासाठी आम्ही रडायला हवं होतं त्याच्यामुळे आम्ही तिघं रोज सकाळी चार तास हसत होतो. एका सकाळी मात्र, शोभाताई आत गेलेल्या असताना, प्रज्ञानं हातातलं काम थांबवलं. "काका, डिड ही एव्हर... माझ्या कामाबद्दल काही बोलायचे बाबा?" मी म्हटलं, "तुझ्याबद्दल तर सारखाच बोलायचा ग. कामाबद्दल... नाही." खोटं बोलायला हवं होतं. मला सुचलंच नाही. ती "ओके" म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली गेली. त्या सकाळी पुढे कोणी हसलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात इंजिन चालू करायची वेळ आली. गाडी अजून घोड्यांवरच होती, पण इंजिनापुरतं सगळं जुळलं होतं. प्रज्ञानं किल्ली फिरवली. एकदा नुसतीच घरघर, दुसऱ्यांदा एक खोकला, आणि तिसऱ्यांदा असा काही गडगडाट झाला की भिंतीवरच्या उरलेल्या पिशव्या थरथरल्या. शोभाताई कणकेचे हात घेऊन धावत आल्या, कानांवर मनगटं दाबून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "एवढ्या आवाजासाठी तीन वर्षं?" मग तिथेच खुर्चीत बसून त्यांनी तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. गाडी विकायचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

उरली होती ती पुढच्या स्प्रिंगांची पिशवी. ही सगळ्यांत मोठी, खालच्या खिळ्यावर, बाकीच्यांच्या मागे गेलेली. मी ती काढून चष्मा लावला, मनात वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. प्रज्ञा म्हणाली, "काय झालं? वाईट शिवी आहे का?" मग मी मोठ्यानं वाचलं. 'स्प्रिंगवरच्या रबरी चकत्या. जाड दोन, बारीक दोन. नव्या वजनाला कोणत्या लावायच्या? मला समजत नाही. प्रज्ञाला विचारणे.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ होती.

तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, "हे केव्हा लिहिलं?" मी म्हटलं, स्प्रिंगा काढल्या त्या थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे तू परत गेल्यावर. ती म्हणाली, "यात माझं नाव कुठलं?" मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या दोन अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि ग्रीसचा डाग पडेल म्हणून पटकन हात मागे घेतला. नंतर ती बाप गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली, आणि मीही माझं वय विसरून तिच्याबरोबर रडलो.

डोळे पुसून झाल्यावर तिनं टेप काढली. पुढचा तासभर ती मोजत होती, फोनवर आकडे मांडत होती, पुन्हा गाडीखाली जात होती. चकती जितकी जाड तितकं गाडीचं नाक वर, एवढं मलाही कळलं होतं. मला वाटलं, एवढं कशाला, दोनच तर पर्याय आहेत. पण तिला अंदाजानं सांगायचं नव्हतं. शेवटी तिनं चकत्या निवडल्या, स्प्रिंगा बसवल्या, घोडे काढले, आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत चारी चाकांवर उतरून सरळ उभी राहिली. ड्राइव्हवेच्या टोकावरून ती रस्त्यावर गेली तेव्हा खालून कसलाही आवाज आला नाही.

प्रज्ञा आता ॲन आर्बरला परतली आहे. भिंत रिकामी झाली. फक्त ती एक पिशवी तिच्या खिळ्यावर आहे, आत दोन बारीक चकत्या आहेत. जाण्याच्या दिवशी प्रज्ञानं अरुणचा मार्कर हातात घेऊन मला एक शब्द कसा लिहितात ते विचारलं होतं, आणि मी तो तिला पुठ्ठ्यावर काढून दाखवला होता. अरुणच्या प्रश्नाच्या खाली, पहिलीतल्या मुलासारख्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत, आता त्याचं उत्तर लिहिलेलं आहे : 'जाड.'